तांबडखिंडीतले सत्तर मीटर

रस्त्यावर माणूस मेला की हवालदार काळोखे सगळ्यात आधी न हलणारी वस्तू शोधत. झाड त्यांना चालत नसे, टपरी तर नाहीच. "झाड तोडतात, टपरी उचलून नेतात. कोर्टात केस उभी राहीपर्यंत पाच वर्षं जातात, तेव्हा ती जागा परत सापडली पाहिजे," असं ते नव्या पोलिसांना सांगत. तांबडखिंडीच्या घाटात त्यांनी रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्याचा कोपरा धरला, दुसरी खूण म्हणून विजेच्या मनोऱ्याचा काँक्रीटचा पाया धरला, आणि दोन्हींपासून टेप लावून लहानू भांगरे जिथे पडला होता ती जागा कागदावर उतरवली. दोन पक्क्या खुणांपासूनचं अंतर माहीत असलं की तिसरी जागा चुकत नाही. भूमितीतला त्रिकोण, दुसरं काही नाही.

"मोरीपासून वर सत्तर मीटर," काळोखे म्हणाले. "लिहा मॅडम."

उपनिरीक्षक केतकी वाघचौरेने लिहिलं. खरं तर आता हे कुणी वाचत नव्हतं. पंचनाम्याला नकाशा जोडायची पद्धत होती म्हणून तो जोडला जायचा. गुन्हा उलगडायचं काम तीन वर्षांपासून रस्ताच करत होता.

लहानू घाटात पेरू विकायचा. मीठ-तिखट लावून चार फाका करून द्यायचा. सोमवारी संध्याकाळी अंधार पडायच्या सुमारास तो पाटी घेऊन कडेने खाली घरी निघाला होता, आणि घाट चढणाऱ्या कुठल्यातरी गाडीने त्याला उडवलं. सव्वासातला एका बसचालकाने फोन करून कळवलं. तोही थांबला नव्हता.

"का थांबला नाहीत?" केतकीने त्याला विचारलं होतं.

"कानात कोण जाईल मॅडम?" तो म्हणाला होता.

कान म्हणजे काय, ते सांगायला हवं. महामार्गाच्या कडेला हातभर खोल एक काचेची तार पुरलेली असते, केसाएवढी बारीक. तिच्या एका टोकातून सेकंदाला हजारो वेळा लेझरचा प्रकाश सोडतात. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात बारीक बारीक दोष असतातच. प्रत्येक दोषावरून किंचित प्रकाश मागे परततो. वरून गाडी गेली की जमीन थरथरते, जमिनीबरोबर काच कणभर ताणली जाते आणि परतणारा प्रकाश बदलतो. प्रकाश परतायला किती वेळ लागला यावरून थरथर कुठे झाली ते कळतं. विहिरीत हाक मारल्यावर प्रतिध्वनी उशिरा आला तर विहीर खोल, तसंच हे. अशा रीतीने चाळीस किलोमीटरची एक तार म्हणजे दर दोन मीटरवर एक कान. ट्रक किती चाकांचा, कुणी ब्रेक दाबला, कुणी दार उघडलं, किती पावलं चाललं, हे सगळं तिला ऐकू येतं. प्रत्येक गाडीच्या टायरांची लय थोडी वेगळी असते. टोलनाक्यावर ती लय गाडीच्या नंबराशी जोडली जाते, आणि मग पुढचा सगळा रस्ता त्या गाडीला नावानिशी ओळखतो.

पळून गेलेल्या गाड्या सापडू लागल्या. मात्र कानाला हेतू ऐकू येत नाही. मेलेल्या माणसाजवळ जो थांबला त्याचं नाव यादीत सगळ्यात वर यायचं. मदत करायला उतरलेल्या चार-पाच जणांना महिना-महिना खेटे घालावे लागले आणि लोक शहाणे झाले. आता अपघात दिसला की गाड्या वेग न बदलता पुढे जात. वेग कमी केला तरी तो नोंदला जातो ना!

दुसऱ्या दिवशी लहानूची बायको चांगुणाबाई ठाण्यात आली. ती खुर्चीवर बसली नाही.

"कानानं ऐकलं असंल ना बाई?"

"ऐकलंय. अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात."

"गाडी मोठ्याची असली तर कान बहिरा हुतो म्हणत्यात."

"तसं नसतं मावशी. यंत्राला लहानमोठं कळत नाही."

"यंत्राला नसंल कळत," चांगुणाबाई केतकीच्या खांद्यावरच्या पट्टीकडे बघत म्हणाली आणि निघून गेली.

अहवाल गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता आला. जिल्ह्याच्या श्रवण कक्षाने पाठवलेलं ते दीड पान केतकीने एकदा वाचलं, मग टॅब पालथा ठेवला आणि पुन्हा उचलून वाचलं.

सोमवारी सहा वाजून एकेचाळीस मिनिटांनी एका गाडीने, मृतदेह सापडला नेमक्या त्याच जागी, जोरात ब्रेक दाबला. टकरीचा धक्का ब्रेकच्या धक्क्यात मिसळला असावा. चालक उतरला. अठ्ठावन्न पावलं रस्त्याने खाली गेला, एक मिनिट पन्नास सेकंद उभा राहिला, परत आला आणि निघून गेला. कुणी पाहिलं का हे बघायला तो गेला असावा. गाडीच्या डाव्या मागच्या चाकाला इतर तिन्हींपेक्षा वेगळा टायर. गाडी निळी. मालक हर्षद वाघचौरे.

तो टायर दिवाळीत पंक्चरवाल्याने बसवला होता. केतकी तेव्हा शेजारी उभी होती.

नियम तिला पाठ होता. संशयित नात्यातला निघाला तर त्याच क्षणी वरिष्ठांना कळवायचं आणि तपास सोडायचा. हरकत घ्यायला तपास अधिकाऱ्याला दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत मुदत असते. त्यानंतर अहवाल आपोआप न्यायालयात जातो आणि अटकेचा आदेश निघतो. केतकीने फोन हातात घेतला, वरिष्ठांचा नंबर काढला आणि फोन खिशात ठेवून घरी गेली.

हर्षदची गाडी इमारतीखाली उभी होती. गाडी धुतलेली होती. तो दूध संकलन केंद्रांतली शीतयंत्रं दुरुस्त करायचा. रोज चार गावांची धूळ घेऊन यायचा आणि गाडी धुवायचा फक्त रविवारी. केतकी बंपरसमोर वाकली आणि मोबाईलच्या उजेडात बघू लागली. खालच्या कडेची एक प्लास्टिकची पट्टी सुटली होती. ती आधीपासून सुटलेली होती का? तिला आठवेना. रोज डोळ्यांसमोर असलेली गाडी तिने कधी नीट पाहिलीच नव्हती.

"काय शोधतेस गं?" वरून गॅलरीतून आवाज आला.

"किल्ली पडली."

"सापडली?"

"हो."

दोघं एकमेकांकडे क्षणभर बघत राहिले. किल्ली तिच्या हातात नव्हती, आणि ते त्याला वरून दिसत होतं.

जेवताना तिने आमटी वाढता वाढता विचारलं, "सोमवारी उशीर झाला ना तुला? कुठून आलास?"

"सांगितलं होतं की. लोणवाडीच्या जुन्या रस्त्याने."

"कसा आहे तो रस्ता आता?"

"कसा असणार? खड्डे."

त्या रस्त्यावरचा लोणवाडीचा पूल रविवारपासून बंद होता. बंदोबस्ताच्या आदेशावर केतकीचीच सही होती. तिने त्याच्या पानात भात वाढला. त्याने तो खाल्ला नाही, नुसता कालवत राहिला. सोमवारपासून तो असाच जेवत होता. सोमवारपासून तो पहाटे उठून घरातल्या घरात फेऱ्या मारत होता. तिला ॲसिडिटी वाटली होती.

"हर्षद, काही सांगायचंय का?"

"तुला काही विचारायचंय का?"

"नाही."

"मग मलाही नाही," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.

बारा वर्षांच्या संसारात तिने त्याला पोलीस म्हणून कधी प्रश्न विचारला नव्हता. आता तिला कळलं की विचारायला सुरुवात झाली की थांबता येत नाही. त्याचे बूट, त्याचा शर्ट, दुधाच्या केंद्रावरची सहीची वेळ, सगळ्याकडे ती पुरावा म्हणून बघत होती. आणि तोही ती बघतेय हे बघत होता.

पंचनाम्याची प्रत तिच्या पिशवीत होती. करायचं काहीच सुचेना म्हणून तिने काळोखेंचा हाताने काढलेला नकाशा उघडला आणि शेजारी कानाचा अहवाल ठेवला. अहवाल म्हणत होता, मृतदेहाच्या जागी जोरात ब्रेक. नकाशात मृतदेहाजवळ टायर घासल्याची एकही खूण नव्हती. खुणा होत्या, पण बऱ्याच वर. काळोखेंनी त्याही मोजल्या होत्या आणि बारीक अक्षरात लिहिलं होतं: "ताज्या खुणा, देहापासून वर सत्तर मीटर. संबंध नसावा."

गाडी थांबली कुठे आणि ब्रेकच्या खुणा उमटल्या कुठे? कुणीतरी एक चुकत होतं. एका बाजूला चाळीस किलोमीटरची काच, दुसऱ्या बाजूला काळोखेंचा टेप.

शुक्रवारी सकाळी सातला ती काळोखेंना घेऊन घाटात गेली. कारण सांगितलं नाही.

"टेपवर भरवसा नाय वाटत मॅडम?"

"कानावर नाही वाटत."

काळोखेंनी भुवया उंचावल्या. "मग चहा माझ्याकडून."

मोरीवर रस्त्याला एक सांधा होता. वरून जाणारी प्रत्येक गाडी तिथे धाडकन आदळत होती. केतकी कठड्याशी टॅब घेऊन उभी राहिली. कानाची थेट नोंद पडद्यावर सरकत होती: आडवी रेघ म्हणजे रस्ता, त्यावर गाड्यांचे ठिपके, धक्का बसला की ठिपका लाल. एक टँकर आला, मोरीवर आदळला. पडद्यावरचा ठिपका लाल झाला, पण मोरीवर नाही. खाली, जिथे रस्ता ताटासारखा गुळगुळीत होता तिथे. मागून जीप आली. तसंच. मागून दोन ट्रक. तसंच.

"किती खाली दाखवतंय?" काळोखेंनी विचारलं.

"सत्तर मीटर."

"सगळ्यांचंच?"

"सगळ्यांचंच. काका, कान रस्ता खाली सरकवून ऐकतोय."

आता हे का झालं असेल, याचा तिला विचार करावा लागला. तार रस्त्याएवढीच लांब नसते. दर काही अंतरावर खड्ड्यात तिची वेटोळी करून ठेवतात, पुढेमागे जोडायला लागली तर असावी म्हणून. त्यामुळे तारेतलं अंतर आणि रस्त्यावरचं अंतर जुळवून घ्यावं लागतं. पूर्वी त्यासाठी कामगार यायचे, ठरलेल्या जागी घणाचा ठोका मारायचे, आणि तो ठोका तारेत कुठे ऐकू आला ते बघून नकाशा जुळवायचे. या घाटात ते येणं बंद झालं होतं. का बरं?

उत्तर अर्ध्या किलोमीटरवर होतं. घाटमाथ्याशी म्हसोबाचं ठाणं होतं. घाट चढून आलेला चालक तिथे थांबतो, उतरतो, दगडावर नारळ फोडतो आणि पुढे जातो. दिवसभरात शे-दीडशे नारळ, सगळे एकाच दगडावर. गाडी थांबली, दार वाजलं, पाच-सहा पावलं, मग एक टणक ठोका. श्रवण कक्षातल्या कुणा हुशार इंजिनिअरच्या लक्षात आलं की हा तर रोजचा फुकटचा घण आहे. त्याने यंत्राला शिकवलं: नारळाचा ठोका म्हणजे म्हसोबाचा दगड, त्यावरून नकाशा जुळवत राहा.

"आणि म्हसोबा तर महिन्याभरापूर्वी हलला!" काळोखे कठड्यावर हात आपटून हसले. "वळण रुंद करताना. होमहवन झालं, गावजेवण झालं, मी बंदोबस्ताला होतो. दगडासकट उचलून वर नेला देवाला."

"किती वर?"

"मोजलं नाय मॅडम. पण आता मी पैजेवर सांगतो."

केतकीने पैज घेतली नाही. देवाची जागा बदलल्याचं सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. गावजेवणाच्या पत्रिका पोलीस ठाण्यातही आल्या होत्या. कळवलं नव्हतं ते फक्त यंत्राला. नारळ नव्या जागी फुटत होते, आणि यंत्र समजत होतं की देव जुन्याच जागी आहे, तार मात्र सरकली आहे. म्हणून ते बिचारं सगळ्या घाटाची जागा सत्तर मीटर खाली ढकलून हिशेब जुळवत होतं.

तिने सोमवारची नोंद काढली आणि सगळं सत्तर मीटर वर सरकवलं. सहा अडतीसला एक पिकअप चढत होती. तिला एक मोठा धक्का बसला होता. श्रवण कक्षाने नकाशावर त्या जागी मोरी बघितली आणि सांध्याचा धक्का म्हणून तो सोडून दिला. आता तो धक्का मोरीवर नव्हता. तो लहानूच्या जागी होता. पिकअप न थांबता गेली होती. निळी गाडी आली ती तीन मिनिटांनी, आणि तिने ब्रेक दाबला तो बरोबर काळोखेंच्या टायरच्या खुणांवर. देहाच्या पुढे, वर.

केतकी कठड्यावर बसली. तिने तोंडावरून दोन्ही हात फिरवले.

"काय झालं?" काळोखे म्हणाले. "गाडी कुणाची होती ओ?"

"माझ्या नवऱ्याची. पण त्याने नाही मारलं."

काळोखेंनी थर्मासमधला चहा तिच्यासमोर धरला.

चहा घेताना तिची नजर पुन्हा पडद्यावर गेली. पावलं. अठ्ठावन्न पावलं, रस्त्याने खाली. आता ती पावलं लहानूपासून दूर जात नव्हती. ती लहानूकडे जात होती.

ती उठली, टायरच्या खुणांपाशी गेली आणि खाली चालू लागली. अठ्ठावन्न मोजून थांबली. समोर तीस मीटरवर लहानूच्या जागेभोवतीचं काळोखेंचं खडूचं वर्तुळ अजून पुसट दिसत होतं. इथे तो एक मिनिट पन्नास सेकंद उभा होता. एवढा वेळ काय बघत होता?

तिने त्या दोन मिनिटांत लहानूच्या जागी तारेला काय ऐकू आलं ते उघडलं. यंत्राने तिथे "किरकोळ आवाज" असा शेरा मारला होता. आवाज गाडीचा नव्हता, पावलाचाही नव्हता. हलके, अनियमित ठोके. कुणीतरी तळहाताने रस्त्यावर थापा मारत होतं. सहा अडतीसला, धक्क्यानंतर, त्या सुरू झाल्या. निळी गाडी थांबली तेव्हा त्या जलद झाल्या. निळी गाडी गेल्यावरही चालू राहिल्या. सहा बावन्नला थांबल्या. मधल्या वेळात आणखी नऊ गाड्या गेल्या होत्या.

"पूर्वी लोक जमायचे," काळोखे हळूच म्हणाले. त्यांनी तिच्या खांद्यावरून पडदा बघितला होता. "एवढी गर्दी व्हायची, की पुरावा तुडवतात म्हणून आम्ही शिव्या घालायचो."

केतकी घरी पोचली तेव्हा दहा वाजून गेले होते. हर्षद कामावर गेला नव्हता. तो जेवणाच्या टेबलाशी बसला होता, जणू बोलावल्यावर येऊन बसावं तसा.

"तू मारलं नाहीस," ती म्हणाली.

त्याचे खांदे एकदम खाली आले. "कळलं?"

"पिकअप होती. यंत्राची चूक सापडली. हर्षद, तो जिवंत होता."

तो टेबलाकडे बघत राहिला.

"तू खाली चालत गेलास. मग?"

"हात हलत होता त्याचा. मला बघितलं त्याने. मी जाणारच होतो गं. मग डोक्यात आलं, पावलं मोजली जातायत. दुसरी कुठलीच गाडी नाही, ब्रेकच्या खुणा माझ्या, थांबलो मी. फौजदारबाईंचा नवरा. तुझी नोकरी, पेपरात नावं..."

"फोन करायचास."

"फोनची जागा नाही नोंदली जात? तूच तर..." त्याने वाक्य सोडलं. "नाही, तुझ्यावर ढकलत नाही मी. मी परत फिरलो. परत फिरल्यावर पळालो मी, केतकी. गाडीपर्यंत पळत गेलो."

तिने टॅब टेबलावर ठेवला. हरकतीचा अर्ज उघडा होता. वरच्या रकान्यात तिने गाडीतच लिहिलं होतं: म्हसोबाचं ठाणं हलवल्यामुळे सर्व नोंदी सत्तर मीटर सरकल्या आहेत. एवढं पाठवलं की यंत्र नवा अहवाल बनवणार होतं आणि त्यात फक्त पिकअप असणार होती. "किरकोळ आवाज" परत उघडून बघायला कुणी जाणार नव्हतं.

हर्षदने ते वाचलं. खालचा रकाना रिकामा होता.

"अकराला वीस मिनिटं आहेत," तो म्हणाला. "एवढंच पाठव ना. यातलं काही खोटं नाहीये."

"खोटं नाहीये."

"मदत केली नाही म्हणून कुठल्या कायद्यात शिक्षा आहे?"

"कुठल्याच नाही. पण पिकअपवाला म्हणेल, माणूस जागच्या जागी गेला, मी थांबून काय फरक पडला असता? चौदा मिनिटं तो जिवंत होता, हे यंत्राच्या किरकोळ आवाजावरून कोर्ट मानणार नाही. डोळ्यांनी बघितलेला माणूस लागेल."

"आणि त्याची बायको तिथे बसलेली असेल."

"पहिल्या बाकावर."

घड्याळ भिंतीवर होतं आणि दोघांपैकी कुणी त्याकडे बघितलं नाही. शेवटी केतकीने टॅब जवळ ओढला. खालच्या रकान्यात तिने थापांची वेळ लिहिली, सुरुवात आणि शेवट. मग: प्रत्यक्षदर्शी साक्षीदार, हर्षद वाघचौरे. मग: हा साक्षीदार माझा पती आहे हे मला गुरुवारी सायंकाळी पाच वाजता कळलं, मी ते आज कळवत आहे, आणि तपास सोडत आहे. तिने ते त्याला वाचून दाखवलं, आणि पाठवलं.

हर्षद उठला, आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याने शर्ट बदलला होता.

ठाण्यात जबाब काळोखेंनी घेतला. केतकीला आत थांबता येत नव्हतं. लोकांचे नातेवाईक बसतात त्या बाकावर ती बसली. दार लोटलेलं होतं. काळोखेंचा आवाज येत होता, नाव, वय, धंदा, सावकाश, शाळेत पाढे म्हणून घ्यावेत तसा. हर्षदची उत्तरंही येत होती. गाडी कुठे थांबवली. किती वाजता. किती चाललात.

मग काळोखेंनी विचारलं, तिथून परत का फिरलात, आणि त्याचं उत्तर आलं नाही.

केतकीने वाट पाहिली. समोरच्या टेबलावरचा शिपाई तिच्याकडे बघायचं टाळत कागद लावत राहिला. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि काळोखे पाण्याचा ग्लास भरायला बाहेर आले.

"मॅडम, घरी जा तुम्ही. वेळ लागंल."

"काय म्हणाला?"

"अजून काही नाय." काळोखेंनी ग्लास भरला, वर आलेलं पाणी बोटाने पुसलं. "पण बसलेत. उठून नाय गेले."